घरी उघडलेला लॅपटॉप आणि 'मदरबोर्ड गेला'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात हल्ली एक वाक्य फार स्वस्त झालंय, 'मदरबोर्ड गेला', म्हणजे लॅपटॉपचा मुख्य बोर्डच गेला. पोरानं घरी बसून लॅपटॉपची रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, बदलली नाहीतर बॅटरी टाकली, झाकण लावलं, बटण दाबलं आणि स्क्रीन काळी ती काळीच, की बापाला घेऊन दुकानात. दुकानदार आधी चार शब्द सुनावणार, नसता शहाणपणा करायला सांगितला होता कुणी, आणि मग न उघडताच निकाल देणार की बोर्ड गेला, एवढे एवढे हजार पडतील, त्यापेक्षा नवीनच बघा. मी इथल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे, मशीनं उघडणं आणि लावणं हेच रोजचं काम, आणि असे 'गेलेले' लॅपटॉप पोरं शेवटचा उपाय म्हणून माझ्या टेबलावर आणून ठेवतात. त्यातले बरेचसे चालू होतात. माझ्या हाताला काही वेगळा गुण आहे असं अजिबात नाही, घरी उघडलेला लॅपटॉप बंद पडायची कारणं ठरलेली असतात आणि ती शोधायला बऱ्याचदा मल्टिमीटरसुद्धा लागत नाही. तेवढंच लिहायचंय, आणि जाता जाता कंपन्या आणि सरकार यांच्याबद्दल थोडं.

पोरं उघडतात कशाला हे आधी मिटवून टाकू. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ चालवायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पाहिजे आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे, म्हणजे ज्यांचं मशीन कसंबसं त्यात बसतं ते एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकून, रॅम वाढवून अजून तीन-चार वर्षं काढायला बघणार. त्यात २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव असे चढले की जुन्या लॅपटॉपमधली रॅमची पट्टी काढून दुसऱ्यात लावणारेही वाढले. कंपनीचं सेंटर तालुक्याच्या गावात असतंच असं नाही, मग कोल्हापूर नाहीतर पुणं, जायचा यायचा दिवस मोडतो आणि तिथं आठवडाभर मशीन ठेवून घेतात. अशा वेळी छोटा स्क्रूड्रायव्हर मागवून पोरगं स्वतः बसलं तर त्यात गुन्हा कसला? उलट मला तर कौतुक वाटतं.

आता मुद्द्याचं. लॅपटॉप उघडायच्या आधी चालत होता ना? मग बिघाड दुसरीकडे कुठं जाणार, जिथं हात लागला तिथंच असणार. फॅन साफ करायला उघडला असेल तर फॅनपर्यंत पोचायला जे जे काढलं ते सगळं संशयित, आणि जे सगळ्यात शेवटी जोडलं ते आधी तपासायचं. हे इतकं साधं आहे की कुणी करतच नाही, सगळे थेट विंडोज परत टाकायच्या मागे लागतात, आता स्क्रीनवर काही येतच नाही तिथं विंडोज काय करणार.

पहिलं काम म्हणजे चार्जर काढा, झाकण उघडा, बॅटरीचं कनेक्टर बोर्डावरून सोडवा आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. बोर्डावर उरलेला चार्ज निघून जातो आणि आतला पॉवर सांभाळणारा कंट्रोलर अडकून बसला असेल तर सुटतो, बरीच मशीनं एवढ्यानंच जागी होतात. लेनोवोचा थिंकपॅड असेल तर बऱ्याच मॉडेलांना खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, पेपरक्लिप सरळ करून ती आत दाबायची, बॅटरी न सोडवता हेच काम होतं. मग बॅटरी न जोडता नुसत्या चार्जरवर चालू करून बघा. बहुतेक मशीनं चालतात तशी, काही चालत नाहीत, तेव्हा नाही चालला म्हणून घाबरून जाऊ नका, बॅटरी जोडून परत बघा.

चालू केल्यावर स्क्रीनकडे बघत बसू नका, बाकीच्याकडे बघा. फॅन फिरतोय का, चार्जिंगची लाईट लागते का, कॅप्सलॉक दाबल्यावर त्याची लाईट लागते-विझते का. कॅप्सलॉक लागत-विझत असेल तर मशीन चालू आहे, फक्त डिस्प्ले येत नाहीये, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच. आणि एखादी लाईट आपणहून ठराविक वेळा लुकलुकत असेल तर मशीन तुम्हाला काहीतरी सांगतंय. बऱ्याच डेलवर चार्जिंगची लाईट दोनदा पिवळी आणि मग तीनदा पांढरी लुकलुकली तर त्याचा अर्थ रॅम सापडली नाही, दोनदा पिवळी आणि चारदा पांढरी म्हणजे रॅम सापडली पण खराब आहे. एचपीवर कॅप्सलॉकच लुकलुकते, त्याचाही असाच तक्ता आहे. दुकानदारानं बोर्ड गेला म्हटलं की त्याला एवढं विचारा, लाईट किती वेळा लुकलुकते ते मोजलं का?

रॅमचं म्हणाल तर निम्मी भानगड तिथंच असते. पट्टी तिरकी घालून दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिपा कट्ट करून बसल्या पाहिजेत, आणि सोनेरी टोक जवळजवळ दिसेनासं झालं पाहिजे. जरा जरी बाहेर राहिली तर काळी स्क्रीन. जुनी पट्टी असेल तर तिचे सोनेरी पॉइंट पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं घासा आणि भुसा फुंकरीनं न उडवता ब्रशनं झाडा, फुंकरीत थुंकी असते हो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, एकेका खाचेत. डीडीआर ३, ४, ५ या रॅमच्या पिढ्या. डीडीआर ४ ची पट्टी डीडीआर ५ च्या खाचेत बसतच नाही, ते बरं आहे, पण डीडीआर ३ मध्ये गंमत आहे, दीड व्होल्टची साधी डीडीआर ३ आणि १.३५ व्होल्टची डीडीआर ३ एल या दोन्ही दिसायला सारख्या, बसायलाही सारख्या, आणि ज्या लॅपटॉपला एल लागते त्यात साधी घातली की डिस्प्ले नाही. सेकंडहँड रॅम विकणारे हे सांगत नाहीत, पट्टीवरच्या स्टिकरवर पीसी३ आहे की पीसी३एल ते स्वतः वाचायचं.

आणि डीडीआर ५ वाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना मशीन नव्या रॅमची ओळख करून घेतं, त्यात काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. पोरगं अर्ध्या मिनिटात घाबरतं, बटण दाबून बंद करतं, परत चालू करतं, परत काळी, परत बंद. अरे बाबा, चार्जर लावून तसंच ठेव, चहा करून ये. नुसतं थांबल्यानं 'दुरुस्त' झालेले लॅपटॉप माझ्यासमोर आलेत आणि त्यांच्या मालकांना आधी कुणीतरी बोर्डाचा खर्च सांगितलेला होता.

आता पट्टी केबल. कीबोर्ड, टचपॅड, पॉवरचं बटण, हे सगळं बोर्डाला पातळ चपट्या पट्टीनं जोडलेलं असतं आणि त्या पट्टीला धरणारं कनेक्टर म्हणजे एक पांढरं किंवा काळं इवलंसं झापड, नखानं वर उचलायचं, पट्टी सरकवायची, झापड खाली पाडायचं. झापड न उचलता पट्टी ओढली की एक तर पट्टी फाटते नाहीतर झापडाचा कान तुटतो. आणि लावताना झापड पाडायचं विसरलं की पट्टी दिसते बसलेली पण टेकलेली नसते. एका पोरीचा लॅपटॉप असाच होता, तिनं कीबोर्ड स्वतः बदलला होता, सगळं नीट, स्क्रू जागच्या जागी, पण बटण दाबलं की काहीच नाही, लाईट नाही, फॅन नाही, आणि दुकानात तिला सांगितलेलं की शॉर्ट झालाय. उघडून बघितलं तर त्या मॉडेलला पॉवरचं बटण कीबोर्डातच आहे आणि त्याची वेगळी अरुंद पट्टी आहे चारच तारांची, ती पट्टी वाकडी घुसली होती, एक कोपरा पाऊण मिलिमीटर वर. पट्टीवर एक पांढरी आडवी रेघ असते, ती कनेक्टरच्या कडेला समांतर आली की सरळ बसली असं समजायचं, इथं रेघ एका बाजूला दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला गायब. झापड उचलून सरळ केली आणि झालं. मोडलेलं काही नव्हतंच, पण तिच्या वडिलांनी नवीन लॅपटॉपचे हप्तेसुद्धा विचारून ठेवले होते.

डिस्प्ले नसेल तर एचडीएमआयनं टीव्हीला लावून बघा, टीव्हीवर आलं तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळं ठीक, भानगड स्क्रीनच्या केबलची नाहीतर स्क्रीनची. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारून बघा, मागं अंधुक चित्र दिसत असेल तर फक्त बॅकलाईट गेलाय. हे का होतं तर बॅटरी न सोडवता स्क्रीनचं कनेक्टर काढलं-घातलं की बोर्डावरचा बॅकलाईटचा फ्यूज उडू शकतो, तांदळाच्या कणीपेक्षा लहान असतो तो, आणि चांगला कारागीर तेवढाच बदलून देतो, अख्खा बोर्ड बदलायचं कारण नाही. बऱ्याच डेलला तर डी दाबून धरून पॉवर दाबलं की स्क्रीन स्वतःच रंग दाखवून चाचणी करते, रंग आले तर स्क्रीन चांगली. आणखी एक चोरटा प्रकार, बिजागरी बदलताना झाकणातलं छोटं लोहचुंबक सरकलं की मशीनला वाटतं झाकण बंदच आहे, त्यामुळे डिस्प्ले बंद, बाकी सगळं चालू. हा प्रकार सापडेपर्यंत मात्र डोकं खरंच फिरतं.

स्क्रूंबद्दल कुणी लिहीत नाही. लॅपटॉपच्या पाठीवर दिसायला सारखे स्क्रू असतात पण लांबी वेगळी, कडेला लांब, मध्ये आखूड, असं काहीतरी. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो थेट बोर्डात नाहीतर कीबोर्डाच्या पोटात घुसतो, आणि बोर्ड हा थरांचा असतो, आतली तार तुटली की ती बाहेरून दिसतही नाही. घरी दुरुस्त केलेल्या मशीनचा बोर्ड खरंच जाण्याचं हे एक खरं कारण आहे. म्हणून उघडतानाच पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढायचा आणि जो स्क्रू जिथला तो तिथं टोचून ठेवायचा, वाटीत एकत्र टाकायचे नाहीत. आणि शेवटचा एक स्क्रू उरला, राहू दे, काय होतंय, असं म्हणायचं नाही, तो उरलेला स्क्रू आत कुठंतरी बोर्डावर पडून नाही ना ते आधी बघायचं.

एसएसडी बदलली आणि मशीन तिला ओळखतच नाही ही तक्रार तर रोजची. एम.२ नावाची एसएसडी दोन जातींची असते, साटा आणि एनव्हीएमई, आकार एकच, साधारण साटावालीला दोन खाचा आणि एनव्हीएमईला एक, आणि प्रत्येक लॅपटॉप दोन्ही चालवतो असं नाही. घेण्याआधी मॉडेल नंबर टाकून बघायचं, घेतल्यावर नाही. दुसरं म्हणजे इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच मशीनवर विंडोज टाकायला बसलं की डिस्कच दिसत नाही, लगेच एसएसडी डुप्लिकेट म्हणून परत पाठवतात, खरं तर तिथं इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हीएमडी हा इंटेलचा डिस्कसंबंधीचा पर्याय बंद करावा लागतो. पण जुनं चालू विंडोज असेल तर ती सेटिंग उगाच बदलू नका, निळी स्क्रीन येते. बायोसचा सेल काढल्यावर सेटिंग मूळपदावर जाऊन असंच होऊ शकतं, तेव्हा विंडोज बिघडलं असं समजून फॉरमॅट मारायचं नाही, बायोसमध्ये स्टोरेजची सेटिंग पहिल्यासारखी करायची.

आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप! हा विषय वेगळ्या पत्राचा आहे खरं तर. बोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही हललं की विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. बऱ्याच जणांना आपल्या मशीनवर हे कुलूप आहे हेच माहीत नसतं कारण मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन केलं की अनेक नव्या मशीनवर ते आपोआप लागतं. की असते, त्याच अकाउंटमध्ये सेव्ह असते, मोबाईलवरून लॉगिन केलं की सापडते, पण ते अकाउंट दुकानदारानं लॅपटॉप देताना स्वतःच्याच कुठल्यातरी ईमेलनं काढून दिलेलं असलं तर मग फोटो, प्रोजेक्ट, सगळ्यावर पाणी. म्हणून झाकण उघडायच्या आधी ती की कागदावर लिहून घ्यायची आणि डेटा दुसरीकडे काढून ठेवायचा.

फॅन आणि मशीन तापण्याचं थोडक्यात. चालू होऊन पाच-दहा मिनिटांत बंद पडत असेल तर फॅनची दोन-तीन तारांची पिन लावायची राहिलीय का बघा, हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात त्याच क्रमानं थोडे थोडे करत कसलेत का बघा, आणि चिपांवरचे रबरासारखे थर्मल पॅड कचरा समजून टाकून तर दिले नाहीत ना ते विचारा, कारण लोक टाकतात. डेलला डुप्लिकेट चार्जर लावला की कधी कधी चार्जिंग होत नाही आणि मशीन मुंगीच्या पावलानं चालतं, ते चार्जरच्या मधल्या पिनेचं काम आहे, तुमच्या दुरुस्तीचं नाही.

हे सगळं करूनही नाही चालला तर मात्र थांबा. जळका वास, बोर्डावर काळा डाग, पाणी सांडलेलं, किंवा फुगलेली बॅटरी, यात घरी प्रयोग नाहीत. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जही करायची नाही. मग चांगल्या कारागिराकडे जा आणि त्याला खरं सांगा की काय उघडलं, काय बदललं, कुठल्या क्रमानं. लोक लपवतात, 'आपोआप बंद पडला' म्हणतात, आणि मग तो बिचारा भलतीकडेच शोधत बसतो. सगळे दुकानदार लुटारू आहेत असं मला म्हणायचं नाहीच, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात आणि आपल्या गावांतही असे कारागीर आहेत की मायक्रोस्कोपखाली फ्यूज बदलून देतात आणि तेवढेच पैसे घेतात. न उघडता निकाल देणाऱ्यांबद्दल मी बोलतोय.

आता कंपन्यांचं. एचपी, लेनोवो, डेल यांच्या पुष्कळ मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअल त्यांच्याच साइटवर फुकट आहेत, कुठला स्क्रू किती लांब, कुठली पट्टी आधी काढायची, सगळं चित्रांसकट. पण हे गिऱ्हाइकाला सांगतंय कोण? खोक्यात सतराशे साठ भाषांतली सुरक्षा सूचनांची घडी असते, लाईट लुकलुकण्याचा अर्ध्या पानाचा तक्ता नसतो. तो छापायला किती पैसे पडतात? आणि स्वस्तातल्या कितीतरी मॉडेलांचं असं काहीच मिळत नाही, तिथं पोरं भलत्याच मॉडेलचा व्हिडिओ बघून झाकण उचकटतात आणि कडेच्या क्लिपा मोडून बसतात.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, २०२५ च्या मे महिन्यात दुरुस्ती निर्देशांकाचा अहवालही आला, म्हणजे वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, माहिती मिळते का यावर गुण द्यायचे आणि ते विकताना ग्राहकाला दिसले पाहिजेत. पण त्यात सुरुवात मोबाईल आणि टॅबलेटपासून. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवरसुद्धा दहापैकी किती गुण ते लिहावं लागतंय. आपल्याकडे शेतकरी बाप हप्त्यावर पोराला लॅपटॉप घेऊन देतो, त्याला घेतानाच कळायला नको का की याची रॅम बोर्डाला चिकटवलेली आहे, उद्या वाढवता येणार नाही, आणि बॅटरी बदलायला अख्खा कीबोर्ड काढावा लागणार आहे? लॅपटॉपलाही पहिल्याच टप्प्यात घ्या अशी मागणी ग्राहक पंचायतीच्या लोकांनी लावून धरावी, आणि तुमच्या पेपरानंही हा विषय सोडू नये. न उघडता बोर्डाचं बिल सांगितलं आणि पैसे घेऊन जुनाच बोर्ड चालवला अशी शंका असेल तर जुना भाग परत मागायचा, बिल पक्कं घ्यायचं, आणि वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

एक शेवटचं. आमच्या लॅबमध्ये एक टेबल नुसतं उघडून-लावून शिकण्यासाठी ठेवायचा विचार चाललाय, त्यासाठी बंद पडलेले जुने लॅपटॉप पाहिजेत. तुमच्या वाचकांकडे माळ्यावर पडून असतील तर आपापल्या जवळच्या आयटीआयला किंवा कॉलेजला द्यावेत, फक्त हार्डडिस्क काढून घ्यावी आणि बॅटरी फुगलेली असेल तर ती कारागिराकडून काढून घेऊन मग द्यावा.

आपला,
एक लॅब असिस्टंट, कराड
(नाव छापू नये ही विनंती)